पावणेचौदा टक्के

तीस होते. वीसहून जास्त वर्षं कराच्या दराच्या त्या चौकटीत मी स्वतःच्या हाताने तीस लिहीत आले. आज दुपारी तपासनीस बाईंकडून परत आलेल्या कागदावर तिथे पावणेचौदा आहेत. छापलेले, नीटनेटके, दशांश चिन्हासकट. खाली हॉलमध्ये पाकिटं दुमडायचं मशीन चालू आहे, त्याची धडधड लोखंडी जिन्यातून, मग फरशीतून, मग टेबलाच्या पायातून माझ्या कोपरापर्यंत येते. पंचवीस वर्षांत ती मला ऐकू येईनाशी झाली होती, आणि आता एकदम ऐकू यायला लागली. कागदाच्या तळाशी माझ्यासाठी एक अर्धं वाक्य सोडलेलं आहे: कराचा दर बदलला आहे, कारण. पुढे रिकामी रेघ. ती भरायची, खाली सही करायची, कागद परत पाठवायचा. तपासनीस बाई वर्षातून एकदा बाहेरून येऊन आमच्या वह्या तपासतात आणि त्यांना रिकाम्या रेघा आवडत नाहीत.

पहिल्यांदा मला वाटलं, चूक आहे, आणि बरं वाटलं. दुसऱ्याची चूक सापडली की हिशेबनिसाला जे बरं वाटतं ते कुणाला सांगण्यासारखं नसतं. मी पेनाचं टोपण दातांत धरलं. चूक कुठून आली असेल याचा माग काढायला लागले, म्हणजे फोनवर बाईंना अगदी हळुवारपणे सांगता येईल, की असू दे, होतं असं.

लांबणीवरचा कर म्हणजे काय, हे मी आजवर तीन माणसांना समजावलं. नवऱ्याला समजावलं, तो झोपला. डिंककाकांना समजावलं, ते खाली डिंकाची भांडी सांभाळतात, आणि डिंक नीट जमलाय की नाही ते जिभेच्या टोकाला लावून बघतात. ते म्हणाले, म्हणजे आज टळलं ते उद्या, यात शिकायचं काय? आणि तिसरे मालक. त्यांना समजलं. मशीन घेतलं की सरकार त्याची झीज पहिल्या दोनतीन वर्षांतच भरभरून धरू देतं, म्हणून त्या वर्षांत कर कमी लागतो. आमच्या वह्यांत मात्र तेच मशीन बारा वर्षं सावकाश झिजतं. मधला फरक कुठे जात नाही, पुढच्या वर्षांत कर बनून परत येतो. तो परत येणारा कर आजच मोजून ठेवायचा. मोजायचा कसा, तर ज्या वर्षी तो परत येईल त्या वर्षीच्या दराने. आणि गंमत इथे आहे, असं मी मालकांना म्हटलं होतं. मालक तेव्हा बावीस वर्षांचे होते, परीक्षा संपवून आलेले, आणि थोरल्या मालकांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, त्यांना माझ्याकडे बसवलं होतं, मी सत्तावीसची. मी त्यांना खुर्चीवरून उठवून जिन्यावर नेलं. आमच्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. मी म्हटलं, कर असाच पायऱ्यापायऱ्यांचा आहे. पहिल्या दहा लाखांवर दहा टक्के. त्यावरच्या वीस लाखांवर वीस टक्के. त्याच्यावर तीस, आणि जो फार वर गेला त्याला खालच्या पायऱ्यांची सवलतही काढून घेतात, त्याला सगळ्यावरच तीस. आपण कुठे आहोत? ते वर बघून म्हणाले, माळ्यावर. म्हणून आपण तीस लिहायचे. पण एखादा जर पुढे खालच्या पायऱ्यांवर उतरणार असेल, तर त्याने अंदाज बांधायचा, की त्या वर्षांत माझं उत्पन्न किती असेल. त्यावर एकूण कर किती बसेल तो काढायचा, उत्पन्नाने भागायचं, आणि जो सरासरी दर येईल तो लिहायचा. म्हणजे दर बघून कळतं, ते म्हणाले, की मालकाच्या मनात काय आहे. हुशार होते. मला फार आनंद झाला होता. मी थोरल्या मालकांना जाऊन सांगितलंही.

*कराचा दर बदलला आहे, कारण छपाईत चूक झाली आहे.*

असं मी पेन्सिलीने रेघेवर लिहून बघितलं. पेन्सिलीनेच. मग उलटं गणित मांडलं. पावणेचौदा येण्यासाठी उत्पन्न किती हवं? पहिल्या दहा लाखांचा एक लाख कर. वरच्यांवर वीस टक्के. हे असं मागे जात जात उत्तर काढणं मला लहानपणापासून आवडतं, दुसऱ्या कुणाला गाणं आवडतं तसं. उत्तर जवळ आलं की मानेमागे गार होतं. सोळा लाख. वर पैसा नाही, खाली पैसा नाही, बरोबर सोळा. कर दोन लाख वीस हजार, भागिले सोळा, पावणेचौदा. छपाईची चूक इतकी स्वच्छ भागली जात नाही. मी पेन्सिल खोडून टाकली. कागदावर खोडलेल्याचा थोडा मळ राहिला.

आम्ही वर्षाला नव्वद लाखांच्या खाली सहसा आलो नाही. वाईटातल्या वाईट वर्षी, जेव्हा सगळे म्हणत होते की आता पत्र कोण पाठवतंय, तेव्हाही सत्तर. सोळा म्हणजे काय?

आणि मग ते आलं. आठवण म्हणत नाही मी त्याला, कारण आठवायचं म्हणून मी काही केलं नाही. ते नुसतं आलं, जसं हॉलमध्ये दार उघडलं की डिंकाचा वास जिना चढून वर येतो. चार महिन्यांपूर्वी मालक माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसले होते. खुर्ची देत असतानाही स्टुलावर, बावीसचे असताना बसायचे तसेच. हातात चहा. इकडचं तिकडचं बोलले, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाले, ताई, नेहमी तुम्ही कोडं घालता, आज मी तुम्हाला घालतो. समजा, एखाद्याचं नुसतं सोळा लाख उत्पन्न आहे, तर त्याचा सरासरी दर किती पडेल? मी विचारलंसुद्धा नाही, कुणाचं. मला वाटलं, घरी वहिनींनी शिवणकामाचं काही सुरू करायचं ठरवलं असेल. वाया गेलेलं एक खिडकीचं पाकीट समोर होतं, त्याच्या पाठीवर मी गणित केलं, आणि त्यांनी घड्याळाकडे बघायच्या आत सांगितलं, पावणेचौदा. ते हसले. म्हणाले, तुमच्यासारखं कुणी नाही. पाकीट घडी करून खिशात ठेवलं. मी दिवसभर खूश होते. संध्याकाळी भाजी निवडताना नवऱ्याला सांगितलं, की अजून डोकं चालतं माझं. तो म्हणाला, त्याबद्दल तक्रार कुणाची होती?

मी तपासनीस बाईंना फोन लावला. हळुवारपणाचं काही उरलं नव्हतं, तरी आवाज तोच लागला. म्हटलं, नवव्या टिपेतल्या, म्हणजे या कागदावरच्या, दराबद्दल विचारायचं होतं. त्या कामात होत्या, मागे कुणीतरी कागद फाडत होतं. त्या म्हणाल्या, "तो तुम्हीच काढलाय ना? मालक म्हणाले, ताईंनी स्वतः काढून दिलाय. म्हणून तर मी फिरून तपासला नाही." मी हो म्हटलं. खोटं नव्हतं. त्या म्हणाल्या, अंदाजाचं पान मागे जोडलेलं आहे, बघून घ्या, आणि ते कारण तेवढं लवकर भरा.

मागे जोडलेलं पान मी बघितलंच नव्हतं. पिन वाकडी बसली होती आणि दोन्ही पानं एकमेकांना चिकटली होती. पुढच्या तीन वर्षांचा अंदाज. तिन्ही वर्षांत आकडे तेच. हॉलचं भाडं, गोदामासाठी: वीस लाख चाळीस हजार. दुरुस्ती: एक लाख वीस हजार. पगार, व्यक्ती एक, लेखा: तीन लाख वीस हजार. राहिले सोळा. पाकिटांची विक्री, एक रेघ. कागद, एक रेघ. डिंक, रेघ. मजुरी, रेघ. मी त्या आडव्या रेघांवरून बोट फिरवलं. डिंकाच्या पुढची रेघ इतर रेघांएवढीच होती. असं काही नाही की तिथे जाड हवी होती.

व्यक्ती एक. तीन लाख वीस हजार. हा माझाच पगार, आताचा, जसाच्या तसा. तीन वर्षं वाढ धरलेली नाही.

*कराचा दर बदलला आहे, कारण व्यक्ती एक.*

हे मी लिहिलं नाही. मनात आलं आणि मला हसू आलं, आणि हसू आल्याची लाज वाटली. कारण त्याच्या आधी, एक क्षण, अगदी एकच क्षण, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मी आहे. मला ठेवलंय. मी हे नाकारणार नाही. त्या क्षणाची लांबी मोजता आली असती तर मी तीही लिहून ठेवली असती. मग डिंककाका आठवले.

गेल्या आठवड्यात डिंककाका जिना चढून वर आले होते. ते वर कधी येत नाहीत, त्यांच्या चपला चिकटतात आणि प्रत्येक पायरीवर सुटल्याचा आवाज होतो, त्याची त्यांना शरम वाटते. दाराशी उभं राहून म्हणाले, पुठ्ठ्याची खोकी करणारा नवा कारखाना निघालाय, पुलापलीकडे, तिथे भरती चालू आहे महिनाअखेरपर्यंत. माझ्या वयालाही घेतात म्हणे, डिंकाचं काम त्यांच्याकडेही आहे. खाली सगळ्यांत चुळबुळ आहे. अठरा जण आहोत, सगळ्यांचं म्हणणं पडलं, ताईंना विचारून या. इथे राहायचं की जायचं, तुम्ही सांगा, तुम्हाला वह्या दिसतात. मी त्यांना खाली पाठवलं आणि मालकांकडे गेले. मालक कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाले, त्यांना सांगा थांबा, विमा कंपनीची चार लाख पाकिटांची ऑर्डर आलीय, कामच काम आहे. मग नजर काढली आणि म्हणाले, तुम्ही सांगा ताई, तुम्ही सांगितलंत की त्यांना पटतं. मी अकरा पायऱ्या उतरून हॉलमध्ये गेले, मशीन थांबवायला लावलं, आणि सांगितलं. ऑर्डर मोठी आहे. थांबा. कुणी काही विचारलं नाही. डिंककाका म्हणाले, संपला विषय, आणि मशीन पुन्हा सुरू झालं. महिनाअखेर परवा आहे.

वह्या दिसतात तुम्हाला. दिसतात ना. खिडकीच्या पाकिटासारखं. आतला कागद केवढाही असो, खिडकीतून नावापुरताच दिसतो. थोरले मालक मला पहिल्या दिवशी म्हणाले होते, पाकीट विकत घेणारा बाहेरून बघतो, आपण आतून बघायचं, चिकटवण कुठे सुटतंय ते आतून कळतं. मी त्यांची वाक्यं सांभाळून ठेवली, आणि आतून बघणं म्हणजे आकडे बघणं असं समजून चालले. स्टुलावर बसलेल्या माणसाकडे बघितलं नाही. ते बावीसचे असल्यापासून मी त्यांचा चेहरा बघणं सोडून दिलं होतं, बहिणी सोडतात तसं. मला आता आठवायचा प्रयत्न करूनही आठवत नाही, की सोळा लाख म्हणताना त्यांचे डोळे कुठे होते. चहाचा कप आठवतो, त्याच्या कानाला टवका उडालेला. डोळे नाहीत.

ते आले तेव्हा मी पान तसंच उघडं ठेवलेलं होतं. बाईंनी त्यांना फोन केला असावा. दाराशी एक पाय आत, एक बाहेर, असे थोडा वेळ उभे राहिले आणि मग स्टुलावर बसले. मी म्हटलं, खुर्चीवर बसा. ते उठून खुर्चीवर बसले. एवढ्यानेच आमच्यात काहीतरी झालं, आणि दोघांनाही ते कळलं.

"ताई, तुमचं मी धरलंय त्यात," ते म्हणाले. "दुसरं पान बघितलंत ना?"

"वाढ धरली नाहीत," मी म्हटलं.

ते मोठ्याने हसले. इतके सुटल्यासारखे हसले की मला त्यांची कीव आली; त्यांना वाटलं, मिटलं. म्हणाले, तेही बघू. मग पुष्कळ बोलले. पाकिटांचं आता काही खरं नाही, मुलांना यात रस नाही, गोदामवाल्यांनी सात वर्षांचा करार देऊ केलाय, नव्या वर्षापासून. मशिनं विकत नाहीत, मागच्या शेडमध्ये ठेवतील, भाव आला तर बघतील. थोरल्या मालकांनीही हेच केलं असतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, खाली कधी सांगणार? ते म्हणाले, ऑर्डर गेली की. आज सांगितलं तर उद्या निम्मे पुठ्ठ्याकडे पळतील, मग चार लाख पाकिटं कोण करणार, तुम्ही आणि मी? तीन महिने तर काढायचेत. मी म्हटलं, तीन महिन्यांनी पुठ्ठ्याकडे जागा नसतील. ते म्हणाले, काहीतरी निघतं माणसांचं. मग पुढे झुकले, आणि जे बोलले ते कौतुक म्हणून बोलले, त्यात शंका नाही. त्यांचा चेहरा मी या वेळी नीट बघत होते.

"माझ्या सांगण्याने ते थांबले नसते, ताई. तुमच्या सांगण्याने थांबले. ही तुमची कमाई आहे पंचवीस वर्षांची."

 माझ्या टेबलावर चार लाख पाकिटांच्या नमुन्यातलं एक पडलं होतं, त्याच्या झाकणाची कड मी नखाने उचलत होते, चिकटवत होते, उचलत होते. ते म्हणाले, कारण म्हणून बाजारातील परिस्थिती असं लिहा, तेवढं पुरतं. उठले. दाराशी थांबून माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मी म्हटलं, बरा आहे.

*कराचा दर बदलला आहे, कारण बाजारातील परिस्थिती.*

बाजाराने काय केलं होतं? बाजार माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसला नव्हता. मी पुष्कळ वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. एक गोष्ट मात्र खरी, आणि ती मला सोडवेना: दर बरोबर होता. अंदाज खरा असेल तर पावणेचौदाच बरोबर. आता तीस लिहिणं हे खोटं झालं असतं. याआधीची सगळी वर्षं मी खरं लिहीत होते, फक्त शेवटचे चार महिने मला माहीत नसताना खरं बदललं, आणि ते माझ्याच तोंडून बदलून घेतलं. कुणी हात धरून लिहवून घेतलं असतं तर हात दुखला असता. इथे काहीच दुखलं नव्हतं. मला तर मजा आली होती.

सही न करता घरी जाता आलं असतं. तो विचार मी केला, अगदी पर्स उचलण्यापर्यंत. नवरा म्हणाला असता, बरं केलंस. दुसऱ्या कुणीतरी सही केली असती. परवा महिनाअखेर झाली असती.

मी पर्स ठेवली आणि दुसरं पान पुढे ओढलं. व्यक्ती एक, लेखा, तीन लाख वीस हजार. त्यावर आडवी रेघ मारली, पट्टीने, डिंकाच्या पुढे आहे तेवढीच. मग बेरीज फिरून केली, कारण एक आकडा हलला की खालचं सगळं हलतं, ते अर्धं सोडून चालत नाही. उत्पन्न एकोणीस लाख वीस हजार. पहिल्या दहांचा एक लाख, उरलेल्या नऊ लाख वीस हजारांचे एक लाख चौऱ्याऐंशी हजार. एकूण कर दोन लाख चौऱ्याऐंशी हजार. भागिले. या वेळी स्वच्छ गेलं नाही, भागाकार लांबत राहिला, एक बाकी, पुन्हा बाकी. मी दुसऱ्या दशांशावर तोडला. चौदा पूर्णांक एकोणऐंशी. पावणेचौदा खोडून वर ते लिहिलं आणि खोडलेल्यापाशी छोटी सही केली, नियम आहे तसा. राजीनामा वेगळा लिहायची गरज नव्हती. तो दरात आला होता. मानेमागे गार झालं नाही.

मग रेघ भरली. शाईने.

*कराचा दर बदलला आहे, कारण पुढील वर्षापासून येथे पाकिटे तयार होणार नाहीत व कोणीही कामास असणार नाही.*

रेघ पुरली नाही, शेवटचे शब्द समासात गेले. दोन्ही पानांची प्रत काढली. मूळ कागद तपासनीस बाईंच्या पाकिटात घालून मी झाकण बंद केलं, आमच्याच पाकिटात, आमच्याच डिंकाने. जिभेला त्याची चव लागली, थोडी गोड, मागून कडवट. रोज अठरा जणांपैकी एक माणूस हे चाखतो आणि सांगतो की जमलाय.

प्रत हातात घेऊन जिना उतरले. गुडघा बरा नव्हता. अकरा पायऱ्या, कठड्याला धरून, प्रत्येकीवर दोन्ही पाय टेकवत. मला येताना बघून मशीनवरच्या बाईने न सांगताच मशीन थांबवलं. गेल्या आठवड्यात थांबवलं होतं, म्हणून तिला वाटलं असेल, ताई आल्या की थांबवायचं. धडधड गेली आणि हॉल एकदम मोठा झाला. कापलेल्या कागदाची धूळ खिडकीच्या उजेडात उभी होती. डिंककाका भांड्यावरून वळले, हातातली काठी तशीच, तिच्या टोकावरून धार खाली येत होती.

मी कागद वाचून दाखवणार होते. ठरवलं तसं होतं. पण टीप नववी, दर, टक्के, यातलं काय त्यांना लागणार होतं? मी म्हटलं, "मी थांबा म्हणाले होते. थांबू नका. हॉल गोदामाला दिलाय. पुठ्ठ्याकडे परवापर्यंत भरती आहे, उद्याच जा, सगळे जा."

कुणी ओरडलं नाही. पॅकिंगच्या टेबलावर कुणीतरी पाकिटांचा गठ्ठा खाली ठेवला, सरळ करून, कडा जुळवून. मशीनवरची बाई माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होती. डिंककाकांनी काठी भांड्यावर आडवी ठेवली. मालकांना माहीत आहे का, त्यांनी विचारलं. मी मान हलवून हो म्हटलं.  काठीवरून डिंक भांड्यात पडत होता, एक थेंब, मोठा होऊन, दुसरा.

"आणि तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. गेला तासभर मी दुसरं काही केलं नव्हतं. तरी ते तोंडातून निघताना दोन तुकडे होऊन निघालं. "हिशेब मीच करून दिला होता. चार महिन्यांपूर्वी," मी म्हटलं. "माहीत आज झालं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आतून बघतात तसं, चिकटवण कुठे सुटलंय ते शोधत. पहिलं वाक्य त्यांना पटलं होतं, ते मला दिसलं. दुसऱ्यापर्यंत ते आले, तिथे थांबले, आणि मागे गेले. टॉवेल जवळ नव्हता, त्यांनी हात शर्टालाच पुसले, सावकाश, एकेक बोट.

"ठीक आहे, मॅडम," ते म्हणाले.

त्या हॉलमध्ये मला कुणी कधी मॅडम म्हटलं नव्हतं. ते भांड्याकडे वळले, झाकण लावलं, आणि मशीनवरच्या बाईला म्हणाले, चालू कर, डिंकाचा हा घाणा तरी संपवू.